खिसा नको

वर्षातून दोनदा निरीक्षणगृहातून फोन येतो,
"मास्तर, मापं घ्यायला या."
टेप गळ्यात टाकतो, वही पिशवीत,
खणभागातून सायकल काढतो.
वारा मार्केट यार्डाकडून असला
की हळदीचा वास गेटापर्यंत सोबत येतो.
आत नुसतं फिनेल.

बत्तीस पोरं रांगेत.
वहीत नाव लिहायचं नाही, कायदा आहे.
नंबर, छाती, कंबर, उंची.
काय केलं म्हणून आत आला,
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.
मी आखलाही नाही कधी.

टेप मानेभोवती नेला की काही पोरं
डोळे गच्च मिटतात.
म्हणून आता आधी सांगतो,
कॉलरचं माप हाय बाळा, नुसतं कॉलरचं.
बोटांच्या बेचक्यांत खरूज, खाजवून फुटलेली.
साबणाची वडी आठ जणांत एक,
ती पण पातळ, पोस्टाच्या तिकिटासारखी झालेली.

चौदा नंबरची कंबर जूनमध्ये सव्वीस होती.
डिसेंबरात साडेचोवीस.
उंची मात्र दोन इंच जास्त.
साहेब म्हणाले, गेल्या खेपेला तुम्हीच चुकला असाल.
तीस वर्षं टेप धरतोय मी.
"असेल," म्हणालो.

नाडी चालत नाही इथं.
चार वर्षांपूर्वी एकानं नाडीनं...
तेव्हापासून इलॅस्टिक.
ते तीन महिन्यांत सैल पडतं.
मग पोरं एका हातानं विजार धरून
प्रार्थनेला उभी राहतात,
हात जोडले जात नाहीत,
त्याबद्दल वेगळं ओरडून घेतात.

खिसाही चालत नाही.
ऑर्डरच्या कागदावर लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून:
खिसा नको.

चौदा नंबर हळूच म्हणाला,
"मास्तर, मला तेवढा एक खिसा ठेवा की."
जतकडचा असावा, बोलण्याला कानडी हेल होता.
"कशाला रं? काय हाय तुझ्याकडं ठेवायला?"
"हात."

त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
चौदाच्या विजारीला उजव्या बाजूनं
शिवणीतच मुरून जाणारा खिसा लावला.
बोटं घालून बघितली. मनगटापर्यंत जात होती.
बाहेरून काही म्हणता काही कळत नव्हतं.
काम झकास झालं होतं.
मी खूश होऊन शिट्टी वाजवली, सांगायला लाज वाटते.

मार्चात इलॅस्टिक बदलायला बोलावलं.
चौदा नंबर रांगेत होता, उजवा हात पाठीमागं.
पुढं घे म्हटलं तर घेईना.
स्वयंपाकाच्या शेवंताबाई पातेलं घासता घासता,
वर न बघता, बोलल्या:
झडतीत खिसा घावला.
मोकळा होता.
मोकळा होता म्हणून जास्त मारलं.
काय होतं यात, कुठं टाकलंस, बोल.
पोरगं म्हणालं, मीच शिवला.
मग सुई हुडकायला लागली सगळी.
दोन दिवस. गाद्या उसवल्या,
संडासाची भांडी काठीनं ढवळली,
बत्तीसच्या बत्तीस पोरं अंगणात उभी,
रात्रीचं जेवण मी शिजवलं आणि तसंच झाकून ठेवलं.
सुई काय घावली न्हाई.

घावेल कशी.
ती माझ्या शर्टाच्या पट्टीला टोचलेली असते,
पांढरा दोरा ओवून, रोज.
साहेबांनी चहा पाजला तेव्हाही होती.
गेटावरच्या शिपायानं माझी पिशवी तपासली,
टेप उलगडून बघितला,
तेव्हाही तिथंच होती, छातीवर.

मी ऑफिसात गेलो. सुई काढली.
टेबलाच्या काचेवर ठेवली.
साहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
दुसरीच फाईल ओढली.
"बिलाचं पुढच्या महिन्यात बघू, मास्तर."

"बिलाचं नाही, साहेब."

पंखा फिरत होता, दोरा हलत होता.
"दार लावा," ते म्हणाले.
आत थांबून की बाहेर जाऊन,
ते काही बोलले नाहीत.